लाल टिकलीखालचं चित्र

शनिवारी दुपारी मी माझ्याच हातानं घात करून घेतला.

कॉम्प्युटरवर रोज एक चौकट यायची, अपडेट करू का म्हणून. चार महिने मी तिला दारातल्या फेरीवाल्यागत पुढं जा म्हणून लावून दिलं. पण रविवारी अकराला जोतीरामचा फोन यायचा होता. पाव्हणा येणार म्हटल्यावर अंगण सारवून घेतोच आपण. लेक त्या काचेत येणार, मग तेवढंच कशाला जुनं ठेवा? दाबलं ‘हो’.

जोतीराम माझा थोरला, फौजेत सुभेदार. हे खोकं त्यानंच मागल्या वर्षीच्या रजेत सांगलीतनं आणलं, कुणाच्या तरी हापिसातनं काढलेलं. म्हणाला, “आई, ह्यात लिनक्स घातलंय. जुन्या हाडांना तेच झेपतंय.” मला वाटलं, मलाच बोलला.

टचचा मोबाइल मला चालत नाही. पन्नास वर्षं खुरपं धरून बोटांना घट्टे पडलेत, काच दाद देत नाही. माउस तेवढा ऐकतो. पण चित्रांची नावं इंग्रजी, आणि माझी शाळा मराठी दुसरी. मग मी माझी खूण केली. मालक गेल्यावर टिकल्यांचं पाकीट तसंच फडताळात पडलं होतं. त्यातल्या तीन काढून काचेवर डकवल्या. लाल टिकलीखालचं चित्र दाबलं की जोतीराम. हिरवीखाली नातवंडांचे फोटो. काळीखाली बंद करायचं. सून क्रांती हसली होती. हसू दे. तिच्या नवऱ्याशी मी तिच्याआधी बोलत होते.

बोलत होते म्हणजे, पाच महिन्यांपूर्वीपर्यंत. नोकरी संपत आली होती, दिवाळीला कायमचा घरी येतो म्हणालेला. आणि मला न विचारता दोन वर्षं वाढवून घेतली. सांगितलं कधी, तर बॅग रिक्षात ठेवल्यावर. मी उंबऱ्यात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “जा. परत मला तोंड दाखवू नगंस.”

माझ्या जिभेवर तीळ आहे. काळ्या जिभेची, बोलेल ते खरं होतं म्हणून सासू मला सणासुदीला बोलू द्यायची नाही. त्यानंतर त्याचा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. ताठा, दुसरं काय. आणि आता क्रांतीनं सांगितलं की सोमवारपासनं तो वरच्या चौकीवर, तीन महिने फोन नाही. छावणीत मोबाइलला रेंज नाही, ह्या खोक्यावरच काय ती भेट. बोललेला शब्द सुनेच्या तोंडून परत घेता येत नाही. मलाच घ्यायचा होता. त्याच्या तोंडावर.

रविवारी साडेदहाला खोकं लावलं. खालची पट्टी आखडून मधोमध आलेली. चित्रं सगळी आपली घरं सोडून गेलेली. लाल टिकलीखाली नुसता मागच्या चित्रातला निळा डोंगर. दाबला. डोंगर तो, काय बोलणार?

माझा बटणांचा फोन घेऊन क्रांतीला लावला. ती मिरजेला दवाखान्यात नर्स, ड्यूटीवर.

“आत्याबाई, घाबरू नका. चित्रावर बाण न्या, नाव येतंय. वाचा बघू काय लिवलंय.”

मी बाण नेला. अक्षरं इंग्रजी.

“आत्याबाई? वाचताय नव्हं?”

“येतंय गं मला वाचाया! तू काय मला शाळंत घालतीस व्हय?” आणि ठेवला फोन. परत लावला तर उचलेना. दहा पन्नास झालेले.

मग मी परड्यात जाऊन कुंपणावरनं हाक मारली. शालूबाई, माझी धाकटी जाऊ. लिंबाच्या झाडावरनं दोन वर्षं आमचं बोलणं बंद.

“शालू! ये जरा.”

ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, “कुणाला हाक मारताय? हितं तुमचं कोण न्हाई.”

“जोत्याचा फोन यायचाय. मला उघडंना.”

ती राखेचे हात तसेच घेऊन पळत आली. काचेकडं बघून म्हणाली, “आगाई, आक्का, ह्या भावजींच्या वक्ताच्या टिकल्या?”

“टिकल्या बघू नगंस. चित्र हुडीक. निळं हाय, त्यात पांढरा फोन.”

तिनं हुडकलं. मी दाबलं. नुसतं उजळलं आणि बसलं. आधी एकदा दाबलं की उघडायचं.

“आवं, दार एकदा वाजवून न्हाई उघडलं तर माणूस परत वाजवतंय की!”

दोनदा दाबलं. उघडलं. आणि तेवढ्यात वाजायला लागलं. पूर्वी खालच्या कोपऱ्यात चौकट यायची. आता कुठं? शालू ओरडली, “वर, वर!” मी बाण नेईस्तोवर चौकट विरली. परत वाजलं, परत हुकलं. बाण माशीगत फिरायचा. तिसऱ्यांदा शालूनं राखेचा हात माझ्या हातावर दाबून धरला, आणि हिरवं दाबलं गेलं.

जोतीराम. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

“आई!”

“जोत्या, म्या बोलले ते बोलले, त्यो शबूद...”

“आई, आवाज येत न्हाई. तोंड हलतंय नुसतं. माईक बंद हाय तुझा. खाली माईकचं चित्र आसंल, ते दाब. लाल दाबू नगंस, लाल दाबलं की फोन कट.”

खाली पाच चित्रं. त्यातली दोन लाल. मला मेलीला लाल म्हणजे जोतीराम एवढंच ठाऊक. मी माउसवरचा हात काढला. जोखीम नको. मी मोठ्यानं ओरडले, शालू ओरडली. तो कान पुढं करून मान हलवत राहिला.

“आई, वर जायची गाडी आलीया. काय म्हणत हुतीस?”

तेव्हा मी उठले. मिठाच्या बरणीतनं मूठभर मीठ, मोहऱ्या, दोन मिरच्या घेतल्या. आणि त्या काचेसमोर, जावेच्या देखत, त्याच्या तोंडावरनं सात वेळा मूठ उतरवली. मग मोकळा हात त्याच्या गालांवरनं फिरवून माझ्या कानशिलावर नेला आणि बोटं मोडली. त्याच्या लहानपणी परीक्षेला जाताना मोडायचे तशी.

तो बोलायचा थांबला. टोपी काढली. मान खाली घातली, पार काचेला टेकेल अशी. पाया पडत होता, की डोळे लपवत होता, की गाडीचा हॉर्न ऐकत होता, ते मला कळलं नाही. चित्र तसंच थिजलं. मग निळा डोंगर.

“समजलं आसंल त्येला,” शालू म्हणाली.

“तुला ठावं?”

तिनं हाताची राख पदराला पुसली.

मी मूठ तशीच घट्ट धरून चुलीपाशी गेले आणि विस्तवावर सोडली. मीठ तडतडलं, असं तडतडलं की मांजर पळालं. एवढा आवाज. आणि तिकडं त्यातला एक कणही गेला नाही.