पुआनाखालचा आवाज

रविवारची उपासना संपली, तरी ऐझॉलमधल्या आमच्या वस्तीचं सभागृह रिकामं होईना. उलट खालच्या उतारावरून आणखी माणसं धापा टाकत चढून येत होती. मंचावर खुर्चीत माझी इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवलेली. मयतावर घालतो तसं पांढरं पुआन, म्हणजे आमचं हातमागाचं वस्त्र, तिच्यावर पांघरलेलं. तारांना कुणाचा हात नाही, आणि तिला जोडलेल्या अ‍ॅम्पमधून आमच्या वस्तीचे गायक डेंगलियाना गात होते. ते जाऊन वर्ष झालं होतं.

"जुनी भक्तिगीतं नव्या गिटारवर घ्यायची बुद्धी देवाने का दिली?" वस्तीतले प्रचारक पू ह्रिमा मंचावर डोळे मिटून बोलत होते; पू म्हणजे आमच्याकडचं 'श्री'. "आत्म्याची लहर फार बारीक. साध्या गिटारला ती सापडत नाही, या भारी गिटारला सापडते. विज्ञानालाही हे मान्य आहे."

विज्ञानाला बिचाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. ही गाणी पुन्हा रेकॉर्ड करण्याचं काम माझंच. जुन्या कॅसेटवरचा डेंगलियानांचा आवाज उतरवायचा, खरखर काढायची, त्याला नव्या गिटारची साथ जोडायची. आता वाजत होतं ते गाणं ऐकून ऐकून कान किटले होते. असले चमत्कारही इथे सारखे होतात आणि वाद घालून मी दमलोय. गुपचूप घरी गेलो असतो. पण पुढच्या रांगेत डेंगलियानांची बायको, बियाकी आजी, बसली होती. परवापासून तिने इन्शुलिन घेतलं नव्हतं.

"नवरा दाराशी आलाय, सुई टोचून त्याला परत पाठवू नकोस," असं ह्रिमांनी तिला बजावलं होतं.

सकाळी मी समजवायला गेलो, तर म्हणाली, "तू गप रे झोवा. तुला तुझ्या वायरी कळतात, मला माझा नवरा कळतो." आता तिचे ओठ सुकले होते आणि ती सारखी पाणी मागत होती.

दुसरं कडवं संपलं आणि अ‍ॅम्पमधून कोंबडा आरवला.

मला हसूच आलं. "पू ह्रिमा, स्वर्गात कोंबडे पाळतात का?"

"ती पुनरुत्थानाची पहाट आहे, बाळा."

"मग ती कॅसेटवरही त्याच जागी कशी उगवते? हे गाणं त्यांनी घरच्या पडवीत रेकॉर्ड केलं होतं. कोंबडा मी काढून टाकला. न काढलेली प्रत फक्त तुम्ही नेलीत, प्रार्थनेसाठी म्हणून."

"श्रद्धा तपासायची नसते."

"श्रद्धा राहू द्या. मी पुआन तपासतो."

मी पुआन उचललं. डेंगलियाना गप्प. परत ठेवलं. डेंगलियाना सुरू. लोक पुढे सरकले. काठाची शिवण उसवली, तर आतून हेडफोनची चकती निघाली. गाणं ह्रिमांच्या कोटातल्या फोनवरून बिनतारी येत होतं.

"गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं," मी म्हणालो. "तसलंच वेटोळं हेडफोनमध्येही असतं. त्यात गाणं वाजलं की आजूबाजूचं चुंबकी क्षेत्र हलतं, गिटारचं वेटोळं ते पकडतं आणि अ‍ॅम्प ते मोठ्याने ऐकवतो. कुणाचाही हेडफोन द्या."

एका मुलीने गळ्यातला काढून दिला. गिटारवर धरला तसं अ‍ॅम्पमधून कोरियन गाणं घुमलं.

"हा गायक जिवंत आहे," ती मुलगी म्हणाली. सगळे हसले. ह्रिमा बाजूच्या दाराने कधी गेले ते कळलंच नाही.

आजी हसली नाही. "म्हणजे तो आला नव्हता," ती म्हणाली.

"नाही, आजी."

हे सांगताना मला फार वाईट वाटलं. ह्रिमांनी गिटार वापरली त्याचं काही नाही, पण या बाईचं दुःख वापरलं त्याचा राग आहे. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी पांघरूण उचलून बघा. देवाला त्याचा राग येणार नाही. आणि कुणी औषध सोडायला सांगितलं, तर तिथे क्षणभरही बसू नका.

मी आजीला दवाखान्यात नेलं. नर्सने सुई भरली तेव्हा तिने मुकाट्याने दंड पुढे केला.

"झोवा, तो कोंबडा तू काढलास?"

"हो. गाणं स्वच्छ झालं."

"परत घाल. आमचाच होता तो. मध्येच ओरडला म्हणून ह्यांनी त्याच संध्याकाळी मला त्याचा रस्सा करायला लावला, आणि मग दोघं पोट धरून हसलो." तिने डोळे पुसले. "ते तरी खरं होतं ना. ते राहू दे."