चढावरचा आवाज

मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले. टिकटिक सरळ कवटीत उतरली. कानांनी दोन वर्षांपूर्वीच रजा घेतली होती. दात मात्र अजून कामावर होते. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असा त्याचा पक्का समज होता. ती तशीच राहावी म्हणून तो लोकांचे ओठ वाचायला आणि नेमक्या जागी मान डोलवायला शिकला होता. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण इंजिन उतरवणार?

जीप गुरांच्या डॉक्टरणीची होती. चार लाख किलोमीटर पळालेली. वरच्या वस्तीच्या दगडी चढावर शेवटच्या वळणाला ती धापा टाकत मागे सरकायची. गेल्या महिन्यात एका अडलेल्या गाईपर्यंत डॉक्टरीण औषधांची पेटी खांद्यावर टाकून पायी गेली होती. नवी गाडी काही मिळत नाही, काका, हिलाच तरुण करा, असं ती सांगून गेली आणि मिस्त्रीने ते मनावर घेतलं. त्याने सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन बसवले, दाब वाढावा म्हणून हेड घासून पातळ केलं. ताकद आली. पण अशा इंजिनात ठिणगी जरा लवकर पडली, की चढावर जोर लावताना ते आतून ठोकायला लागतं. ते ठोकणं ज्याला ऐकू येत नाही त्याने तसंच दामटलं, तर नव्या पिस्टनचे तुकडे होतात. आणि चढावर, चालत्या गाडीत, दातांत स्क्रूड्रायव्हर धरून इंजिनावर वाकता येत नाही.

तळपायांना काय कळेल ते कळेल, असं ठरवून तो एकटाच निघाला होता. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. रोज यायची तशीच, नेमकं इंजिन चालू असताना. तिला कुणाचंच इंजिन धड वाटत नसे. एकाला दमा झालाय म्हणायची, दुसरं धाकट्या भावजींसारखं कण्हतंय म्हणायची, तेही अशा खड्या आवाजात की शेजारचा टायरवाला मान वळवून बघायचा. मिस्त्री चिडून ते इंजिन पुन्हा तपासायचा, आणि काहीतरी सापडायचंच. त्यामुळे आणखी चिडायचा. वय वाढतंय तसा बाईचा आवाज चढतोय, असं त्याचं मत झालं होतं.

"मी पण येते," असं म्हणून ती डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलीसुद्धा.

"गाडी तपासायला चाललोय. सहलीला नाही."

"सहलीला कधी नेलंत?"

त्याने गिअर टाकला.

पहिली दोन वळणं जीप अशी चढली, की मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसला. पेडलवरच्या तळव्याला थरथर कशी लोण्यासारखी लागत होती. तिसऱ्या वळणावर बायकोने डबा उचलला आणि त्याच्या नाकासमोर जोरात हलवला.

"थांबवा. डब्यात खडे हलवावेत तसं वाजतंय."

"कधीपासून?"

शब्द निसटला आणि त्याने ओठ मिटून घेतले. धड कानांचा मिस्त्री हे बायकोला विचारत नाही.

ती समोरच्या दगडांकडे बघत होती. "आत्ताच. तुम्ही जोर लावल्यावर," ती म्हणाली, जणू भाजीत मीठ किती ते सांगावं.

त्याने बॉनेट उघडलं, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल करून नखभर मागे फिरवला, जीप खाली घेतली आणि पुन्हा चढवली. कमी झालंय, पण आहे, असं तिने सांगितलं. तो पुन्हा उतरला. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून घेतले होते. शेवटचं वळण मागे पडलं, माथा आला, तरी ती बोलेना.

"गप्प झालं," अखेर ती म्हणाली. "नुसतं ओढतंय."

माथ्यावर बॉनेटवर डबा उघडून दोघं जेवली. झाली एकदाची सहल, असं ती म्हणाली.

दोघं गॅरेजवर परतली तेव्हा डॉक्टरीण वाट बघत उभी होती. बायको पुढे होऊन तिला चढावरची हकीकत सांगू लागली. डॉक्टरणीने खाली वाकून कानामागे हात धरला. तिचे ओठ मिस्त्रीला स्वच्छ वाचता आले.

"काकू, जरा मोठ्याने बोला ना. तुमचं हे नेहमीचंच, एक शब्द कळत नाही."

मिस्त्री स्क्रूड्रायव्हर पुसत होता. तो केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत राहिला.

डॉक्टरीण जीप घेऊन गेली, तेव्हा त्याने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं आणि धुतलेल्या फडक्याने पुसलं.

"उद्या ट्रकचं इंजिन चालू करायचंय," तो म्हणाला. "अकरा वाजता."

ती अगदी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ओरडताय कशाला," ती खड्या आवाजात म्हणाली. "मला ऐकू येतं."