साध्या खोपट्यातली पिल्लं

बुआलॉयने नाकावरचा फडका सोडला आणि पुन्हा हुंगलं. वास नाही! वाकून पार कोपऱ्यापर्यंत गेली, पिल्लांची घाण फावड्याने उलटून पाहिली. घट्ट, काळपट, आणि वास म्हणाल तर ओल्या मातीइतका.

आता डुकरांच्या खोपट्यात घाण येत नाही म्हणून कुणी रडतं का? पण या खोपट्यात ती यायलाच हवी होती. त्यावर अकरा घरांचं वर्ष टांगलेलं होतं.

केनतवान म्हणजे आल्यासारखा दिसणारा कंद. त्यातली साखर पिल्लाला स्वतःला पचत नाही. पोटातले चांगले जंतू मात्र ती खाऊन जोर धरतात आणि वाईटांना हुसकून लावतात. मग दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण थांबते, घाणीचा वासही मरतो. निदान विद्यापीठातल्या सिरिकान्या मॅडम तसं सांगायच्या. त्यांच्या शब्दावर बुआलॉयने नोंगसाय गावातल्या अकरा घरांना कसाव्याचं पीक मोडून केनतवान लावायला लावला होता, भांडून, हातापाया पडून. खाद्याचा कारखाना कंद घ्यायला तयार होता, पण आधी पिल्लांवर फरक दाखवा म्हणे. म्हणून पाच आठवडे दोन खोपटी. एकात खाद्यात कंदाची पूड, दुसऱ्यात नुसतं साधं खाद्य. इकडची घाण बुटांनी तिकडे जाऊ नये म्हणून मॅडमनी माणसंही वाटून दिली होती. पुडीचं खोपटं बुआलॉयकडे, घरामागचं साधं तिच्या आईकडे, थोंगमीकडे. आज वजनाचा दिवस. आई भिक्खूंना भात वाढायला विहारात गेलेली, म्हणून बुआलॉय पहिल्यांदाच इकडे झाडायला आली होती.

आणि इकडची पिल्लं पण गुबगुबीत! शेपट्या वळलेल्या, अंगावर तुकतुकी.

थोंगमी रिकामी टोपली घेऊन परतली, तेव्हा लेक दारातच उभी होती.

"आई, काय घातलंस यांना?"

"कुणाला?"

"सोंग करू नकोस! कंद घातलेस ना?"

"थोडेसे," म्हातारी टोपली खाली ठेवत म्हणाली. "पत्र्यावर वाळवले, उखळात कुटले. चौथ्या दिवशी हगवण थांबली बघ. कित्ती गुणाचा कंद!"

"अगं बाई, वाटोळं केलंस सगळ्यांचं! दोन्हीकडे तेच खाल्लं तर फरक दिसणार कुठून?"

"ओरडू नकोस, पिल्लं बिचकतात."

बुआलॉय आणखी काही बोलणार तोच मॅडमची गाडी अंगणात शिरली. बरोबर वजनाचा काटा, जाड वही. मॅडम एकेक पिल्लू तोलत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटचं पिल्लू खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"बुआलॉय, फरकच नाही गं. पुडीचा उपयोग नाही असंच लिहावं लागणार."

खरं बोलावं तर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वरून काही घातलंत तर गावाचं नाव प्रयोगाच्या यादीतून कटाप. गप्प बसावं तर चांगल्याभल्या कंदावर कायमचा शिक्का. आणि आईची अब्रू? काय करावं माणसाने!

"उपयोग नाही?" थोंगमी फणकारली. "मॅडम, डोळे तपासून घ्या! यांना रक्त पडायचं हगवणीत. मी पूड घातली म्हणून जगली ती!"

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं.

"आजी... पाच आठवडे? कशासाठी?"

"तुम्ही चिठ्ठ्या टाकून पिल्लं वाटलीत ना, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. एकाच आईची ती. एकाला भरलं ताट, एकाला नुसतं रिकामं घमेलं दाखवायचं?" थोंगमीने लेकीकडे पाहिलं नाही. "मी केलंय तसं एकदा. शाळेपुरते पैसे एकीचेच होते. वाटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या, हिचं नाव निघालं. थोरली तेराव्या वर्षी बँकॉकला शिवणाच्या कारखान्यात गेली. शिवून शिवून तिच्या डोळ्यांची वाट लागली."

थोरल्या बहिणीला, खामफानला, अभ्यासाचं डोकं नव्हतं, असं बुआलॉयला लहानपणापासून सांगितलेलं. गेली तीस वर्षं तीही हेच चारचौघांत सांगत आली होती, वर ताईची थट्टासुद्धा करत होती.

"चिठ्ठी?" तिने विचारलं.

"चिठ्ठीच. तू तिच्याहून हुशार नव्हतीस काही."

मॅडमनी पेन उचललं आणि वहीच्या पानांवर एकामागून एक आडव्या रेघा मारल्या. "पूड वाईट असं आता मी लिहीत नाही. चांगली असंही लिहिता येत नाही. यादीचं मी वर बोलून बघते. नवी पिल्लं आणून सगळं पहिल्यापासून करावं लागेल. कंद तोवर जमिनीत राहतील, पण कारखाना वाट बघेल की नाही, ते माझ्या हातात नाही."

अकरा घरांना हे आज संध्याकाळच्या आत सांगायचं होतं. बुआलॉयने गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसलं.

"करा पहिल्यापासून," ती म्हणाली. "पण या वेळी साधं खोपटं मी सांभाळीन. आईकडे पुडीचं द्या."

"आणि त्यांना हगवण लागली की?" थोंगमीने विचारलं. "बघत बसशील पाच आठवडे?"

बुआलॉयने अकरांतल्या पहिल्या घराची वाट धरली.