हेराल्डचा काटा

"भीमराज, आता गाडीला हात लावू नगंस," असं म्हणून हिंदुरावानं चावी खिशात घातली, आणि माझं डोकंच सणकलं.

ते इंजिन मी बांधलं होतं. आम्ही दोघंही पिंपरीत एकाच कारखान्यात. शिफ्ट सुटली की दापोडीला त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही जुनी हेराल्ड मोटार शर्यतीसाठी तयार करायची. बांधायची मी, चालवायची त्यानं. शर्यत उद्या सकाळी, आणि तेलाच्या दाबाचा काटा पंधरावर लोळत पडलेला. चाळीसच्या वर हवा. अशी गाडी पळवली तर पहिल्याच फेरीत इंजिन जाम.

"बेअरिंग सैल बसवलीस तू," तो म्हणाला. "समदं खोलावं लागणार. गेली शर्यत. पुढचं इंजिन दुसऱ्याकडनं बांधून घेतो."

हे मला फार झोंबलं. म्हटलं, थांब लेका.

आधी मीटरवरच संशय घेतला. शेजारच्या ट्रकवाल्या मालोजीकडून दुसरा मीटर आणून लावला, हिंदुरावाला चावी फिरवायला लावली, तर तोही पंधराच दाखवू लागला. तेल पुरेसं होतं, त्याला पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे पातळही झालेलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनच्या ब्लॉकला टेकवून मूठ कानाला लावली. कसली ठकठक नाही. आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

"हिंदुराव, इंजिन अजून थंडच हाय ना? बेअरिंग सैल असती तर थंडपणी, तेल घट्ट असताना तरी काटा वर गेला असता! तेल दुसरीकडूनच पळतंय राव!"

ब्लॉकच्या अंगाला एक झडप असते. दाब फार वाढला की ती उघडते आणि जादा तेल खाली सोडते. तीच उघडी राहिली असणार. नट खोलला, स्प्रिंग काढली, दट्ट्या काढला, आत बॅटरी मारली. दट्ट्या जिथं टेकतो तिथं काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं काढून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. कुंकवानं अजून लालसर.

मी हिंदुरावाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"खंडेनवमीला तू नागपूरला दीक्षाभूमीवर गेलतास," तो पुटपुटला. "हत्यारांसंगं ब्लॉकचीबी पूजा केली, झडपेचं भोक उघडंच व्हतं. म्हटलं शर्यतीचं इंजिन हाय, अक्षता जरा जास्तच टाकू."

"आणि मी येऊन वरवर फडकं मारलं, झडप बसवली अन् नट आवळला!" मला हसू आवरेना. हसता हसता सगळं परत बसवलं.

हिंदुरावानं चावी फिरवली. काटा उठला. वीस, चाळीस, साठ! मी इतक्या जोरात ओरडलो की मालोजी पाना घेऊन धावत आला. इंजिन चांगलं तापेपर्यंत आम्ही काट्यावरून नजर हलवली नाही. तो पन्नासच्या खाली आला नाही.

मग हिंदुराव इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला, गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला आणि त्यानं आतून दार ओढून घेतलं.

"बघतोस काय? बस की," तो म्हणाला. "निगडीपतोर तू चालव."