त्या सोमवारचा एक तास

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात एक बारीकसं घड्याळ आहे. तुम्ही म्हणाल, ते तर सगळ्याच लॅपटॉपना असतं. खरं आहे. पण माझ्या घड्याळामुळे एका भावाबहिणीची बोलचाल दोन वर्षं बंद होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझे भाग कुठे बनले ते मला आठवत नाही. आठवतं ते लेबनॉनमधल्या त्रिपोलीचं बंदर. तिथे एका जहाजावरच्या कारकुनाने मला विकलं आणि नझीह यांनी विकत घेतलं. ते फ्रिज दुरुस्त करतात. पहिली दोन वर्षं मी फक्त गिऱ्हाइकांची बिलं लिहिली. नंतर बँकांनी लोकांचे पैसे अडवून धरले, तेव्हा नझीह माझ्या पडद्यावरच्या एका बाजारात क्रिप्टोची नाणी घेऊ लागले. त्यांची थोरली बहीण नाहिदा एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा गेल्यावर मुलगी लमीस हिच्या शिक्षणासाठी जपलेले डॉलर तिने तशीच नाणी घ्यायला भावाच्या हातात ठेवले.

"मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही," ती म्हणाली होती. "आणि सांगितल्यावर कॉफी पीत बसायचं नाही."

मग रमजानमधला तो सोमवार आला. नाहिदाने घरून फोन केला, "माझी सगळी विकून टाक, लमीसची फी भरायची आहे." नझीह यांनी ती विकली आणि पुरावा म्हणून माझ्या पडद्याचा फोटो तिला पाठवला. नाहिदाच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे आणि काही महत्त्वाचं घडलं की ती त्याच पानावर लिहून ठेवते. त्या दिवसाच्या पानावर तिने लिहिलं होतं, 'एक चाळीस, नझीहला सांगितलं.' फोटोत दिसत होतं की नझीह यांनी स्वतःची नाणी एक पंचावन्नला चढ्या भावाने विकली, आणि बहिणीची दोन पन्नासला, भाव पडल्यावर. 'तुझा फोन आल्यावर लगेच विकली,' असं नझीह सांगत राहिले, पण फोटोतल्या वेळांपुढे त्यांचं काही चालेना.

त्यानंतर दोन रमजान गेले. भाऊ बहिणीकडे उपास सोडायला गेला नाही. लमीसने ती फी कशीबशी भरली. पण 'आधी स्वतःची विकली' हे नाहिदाच्या मनातून जाईना. मला कुणी फारसं उघडेना. माझी बॅटरी मेली, दोन कळा निघाल्या, झाकणावर फ्रिजच्या गॅसची नळी पडून राहू लागली.

एका बुधवारी सकाळी नाहिदा दुकानात आली. बसली नाही.

"शुक्रवारी लमीसचा साखरपुडा आहे. ती म्हणते, बापाच्या जागी मामा बसला नाही तर मी बाहेरच येणार नाही."

"मी येईन."

"तसा नाही येणार तू. त्या बाजाराचा सगळा हिशोब कागदावर दे. खोटं बोलला असशील तर लमीसला मी सांगते काय सांगायचं ते."

नझीह यांनी हातातला पाना खाली ठेवला. तो बाजार बंद होत होता. गुरुवारी संध्याकाळनंतर जुने व्यवहार उतरवून घेता येणार नव्हते.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पंख्याने जो घरघराट केला तो भीतीचा होता. बाजार एका वेळी नव्वदच दिवसांची फाइल देई. मागणी करायची, वाट पाहायची, मग ती उतरवायची. अशा नऊ फाइली लागणार होत्या. गल्लीतल्या जनरेटरची वीज दोन तास आली की दोन तास गेली. वीज गेली की मी जागीच विझे. तिसरी फाइल अर्धी राहिली, पाचवी दोनदा आली. नावांच्या जागी नुसते आकडे. नझीह पुटपुटत होते, "आणखी एक, आणखी एक," जणू मी दमलेलं गाढव आहे.

गुरुवारी दुपारी नवव्या फाइलची शेवटची ओळ उतरली. मग त्यांनी सगळ्या ओळी एका तक्त्यात आणल्या, दोनदा आलेल्या काढल्या, तारखांप्रमाणे लावल्या. बहिणीच्या नाण्यांना पिवळा रंग दिला, स्वतःच्यांना हिरवा. मूळ फाइलींना त्यांनी हात लावला नाही. दुकानदार माणूस, पण ही अक्कल त्यांना होती.

नाहिदा आली ती कॅलेंडरचं पान घेऊनच. चष्मा लावून तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काय? दहा पंचावन्न? अकरा पन्नास? आता वेळाही बदलल्यास?"

"ताई, ही ग्रिनिचची वेळ आहे. बाजार त्याच वेळेने लिहितो. आपली दोन तास पुढे."

"मग मिळव दोन."

"बारा पंचावन्न आणि एक पन्नास."

"आणि फोटोत एक पंचावन्न, दोन पन्नास. तिथे तीन कसे मिळवलेस?"

"मी नाही मिळवले. यानेच दाखवलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लपायला जागा असती तर मी लपलो असतो.

नाहिदा पानाकडे पाहत राहिली. मग स्टूल ओढून बसली.

"हा रमजानचा पहिला सोमवार," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी शाळेत तासभर उशिरा पोचले होते. मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर बोलली मला."

आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्याआधी घड्याळं एक तास पुढे करतात. त्या वर्षी चार दिवस आमच्या देशात दोन वेळा होत्या. सरकारने सांगितलं, रमजान संपेपर्यंत घड्याळं पुढे करू नका. काही शाळांनी, काही कचेऱ्यांनी ती केलीच. नाहिदाची शाळा पुढे गेली, तिच्या घरच्या भिंतीवरचं घड्याळ मागे राहिलं. आणि मी, कुणाला न विचारता, पुढे गेलो होतो. त्याच आठवड्यात गुरुवारी सगळा देशच पुढे आला आणि तो गोंधळ लोक विसरून गेले.

नझीह यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तुझ्या घड्याळाने मी माझी विकली बारा पंचावन्नला. तू फोन केलास एक चाळीसला."

"आणि माझी एक पन्नासला." तिने चष्मा काढला. "दहा मिनिटांत."

"कॉफी प्यायलो नाही."

नाहिदाने चष्म्याची घडी घातली.

"पण स्वतःची विकताना मला एक फोन करायचा होतास."

"तूच म्हणालीस, हात लावायचा नाही."

"हात लावू नको म्हटलं होतं. तोंड उघडू नको नव्हतं म्हटलं."

नझीह यांनी मान खाली घातली. ते तिचं खरं होतं.

नाहिदा उठली. दारात थांबून म्हणाली, "उद्या सहाला ये. इस्त्रीचा शर्ट घाल."

"कुणाच्या घड्याळाचे सहा?"

"माझ्या भिंतीवरच्या," ती म्हणाली, आणि हसू लपवत गेली.

मित्रांनो, त्या सोमवारी तिचं घड्याळ चुकीचं नव्हतं आणि माझंही नव्हतं. म्हणूनच मी अजून अस्वस्थ होतो. तुम्ही कसलीही नोंद ठेवाल तेव्हा नुसती वेळ लिहू नका, ती कोणत्या घड्याळाची तेही शेजारी लिहा. मूळ कागद जपा, तो रंगवायचा असेल तर त्याची नक्कल रंगवा. आणि माझ्यासारखी जुनी यंत्रं भंगारात देण्याआधी त्यांच्या पोटात काय आहे ते एकदा उघडून पाहा.

शुक्रवारी दुकान बंद होतं. माझ्या झाकणावर गॅसची नळी या वेळी कुणी परत ठेवली नव्हती, आणि कळांवर कॅलेंडरचं ते पान होतं. 'एक चाळीस'च्या पुढे नाहिदाने पेनने लिहिलं होतं, 'माझ्या घरची वेळ.'