अध्यक्षांनाही थांबा

गेल्या हंगामात सास्तूरच्या शेतकरी कंपनीची सोयाबीन नोंदणीची साइट उघडल्या उघडल्या बंद पडली होती. लोक घाईनं एकच बटण दाबत राहिले आणि सर्व्हरला ते झेपलं नाही. यंदा कंपनीचं संगणकाचं काम बघणाऱ्या निकितानं साइट नव्यानं लिहिली. साइट उघडली किंवा बटण दाबलं की सर्व्हरकडं एक विनंती जाते; एकाकडून मिनिटाला अशा ठरावीकच विनंत्या घ्यायच्या, जास्तीच्या आल्या की ‘थोडं थांबा’ म्हणायचं, अशी मर्यादा तिनं घातली.

सर्व्हर अजून तिच्या लॅपटॉपवरच होता. लहानसा प्रोग्राम लिहून तिनं त्याच्यावर विनंत्यांचा मारा केला. मर्यादेतल्या आत गेल्या, बाकीच्या परत फिरल्या.

“झालं की,” गोदाम सांभाळणारा कुलदीप म्हणाला.

“माणसांनी वापरून बघू दे. मग झालं म्हणू.”

दुसऱ्या दिवशी तिनं साइट इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चढवली. चाचणीसाठी सभासद ऑफिसात जमले, फोन ऑफिसच्या वायफायला जोडले. पहिल्या दोघातिघांची नोंद झाली आणि बाकी सगळ्यांना ‘थोडं थांबा’ आलं. सभासद तुळजाबाईंनी तर अजून बटणाला हातही लावला नव्हता.

निकिताच्या लगेच लक्षात आलं. सगळे एकाच वायफायवर, म्हणून सर्व्हर सगळ्यांना मिळून एकच माणूस समजत होता.

“मर्यादाच काढून टाक,” कुलदीप म्हणाला.

“काढली तर पुन्हा बंद पडंल. मोजायचं कसं, तेवढं बदलते.”

लोकांचा चहा होईस्तोवर तिनं वायफायऐवजी सभासद क्रमांकावर मोजणी लावली. या खेपेला तुळजाबाईंची नोंद झाली, त्यांच्या मागच्यांचीही झाली. अडले ते फक्त कंपनीचे अध्यक्ष आण्णासाहेब. साइट किती जोरात चालते ते बघायला ते बटण दाबतच बसले होते.

“निकिता, मी अध्यक्ष हाय. मलाच थांबा म्हणतंय व्हय?”

“व्हय आण्णा. तुम्ही लई वेळा दाबलंत.”

“माझं नाव वगळता येत न्हाय का?”

“येतं. पण मी वगळणार न्हाय. एकाला सोडलं की दुसरा येतो.”

आण्णासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, फोन टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली. मिनिटभरानं त्यांनी बटण एकदाच दाबलं.

“गेलं,” ते म्हणाले, आणि शेजारच्या माणसाला सांगू लागले, “गडबड न्हाय करायची.”

खरी नोंदणी उघडली त्या सकाळी साइट थोडी मंदावली, पण बंद पडली नाही. दुपारी निकिता वेळेवर घरी जेवायला गेली.