बिनहाकेचा रविवार

मी एक जुनी घंटा आहे. हसू नका, मित्रांनो. बघायला याल तर म्हणाल, ही कसली घंटा, हा तर चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा! असेन. पण पोळ्या लाटायला लागलं की त्या लाकडाला सगळे लाटणंच म्हणतात. मी उभा जन्म घंटेचं काम केलं. मी घंटाच.

मी कुठल्या भट्टीतून निघाले ते मला ठाऊक नाही. समज आली तेव्हा मी पुलगाव-आर्वीच्या लहान गाडीखाली पडलेली होते. गाडी लहान, पण तोरा मोठा! कापूस आणि बाजारची माणसं घेऊन ती माझ्या पाठीवरून जायची तेव्हा मी अशी थरथरायचे, की बाजूच्या तुरीत बसलेली पाखरं उडून जायची. पुढे माझं एक टोक झिजलं. मला कापून गवतात टाकलं. कितीतरी दिवस मी तिथे पडून होते. गाडी शेजारून जायची, पण जुनी ओळख म्हणून एकदा शिटीसुद्धा दिली नाही तिने.

मला तिथून उचललं प्रेमदासने. तो त्या रेल्वेवर गँगमन होता. साहेबाला विचारून, बैलबंडीत घालून त्याने मला आपल्या वस्तीत आणलं. आर्वीच्या अलीकडे नाल्याकाठी दहा-बारा ख्रिस्ती घरं आणि एक छोटं कौलारू चर्च. पितळी घंटा घ्यायची ऐपत कोणाची? प्रेमदासने मला तारेने चिंचेला टांगलं आणि लोखंडी बोल्टने पहिला टोला मारला. नाल्यापलीकडची कुत्री भुंकली. त्याची बायको धुरपता दारातून म्हणाली, "आवाज तं मोठा हाय जी. मेलेला बी उठून बसन."

तिच्या तोंडून निघालेलं एवढंच माझं कौतुक. पण मला ते जन्मभर पुरलं.

प्रेमदास वारला आणि बोल्ट धुरपताच्या हातात आला. लेकी सासरी गेलेल्या. घरात ती एकटी, झाडाला मी एकटी. तिचं घर चर्चच्या अगदी समोर, मधे फक्त अंगण. दर रविवारी ती धुतलेलं लुगडं नेसून यायची, मला वाजवायची, आणि सगळे आत जाईपर्यंत बुंध्याशी उभी राहायची. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण डुलक्या घेणार, सगळं तिला दिसायचं. तिची जीभ माझ्या बोल्टापेक्षा कडक. तिची आजी गोऱ्या पाद्र्याच्या वेळची ख्रिस्ती, म्हणून ती म्हणायची, "आमचा विश्वास तीन पिढ्यांचा हाय. काल पेरलं अन् आज उगवलं, असा नाई."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नाला आटला. चर्चमधून दलिया आणि दूधभुकटी वाटायला लागले. ज्यांनी कधी आमच्या चिंचेखाली पाय ठेवला नव्हता, ते ताटल्या घेऊन आले. काही तिथेच थांबले, गाणी शिकले, बाप्तिस्मा घेतला. धुरपताने त्यांना एक नाव ठेवलं, 'दलियाचे ख्रिस्ती'.

पुढच्या साली ज्वारी बरी झाली, वाटप बंद झालं, आणि माणसं गळायला लागली. धुरपताला जणू सणच आला. ती उशिरा आलेल्याला दारातच धरायची.

"काहो ताराचंद, दलिया सरला अन् देव बी सरला का?"

ताराचंद बिचारा मान खाली घालून आत जायचा. पण तिचा खरा डोळा होता कौशल्याबाईवर. ही नाल्यापलीकडची विधवा, कापूस वेचायला जाणारी. दुष्काळातच आलेली. वाटप थांबलं तरी हिचं येणं थांबलं नव्हतं, आणि तेच धुरपताला खुपत होतं. एका रविवारी तिने भर अंगणात विचारलं, "काय व कौशल्ये, तुह्यं पोट भरलं नाई वाटते अजून?"

कौशल्याबाई थांबली. म्हणाली, "नाई भरलं, मावशी." आणि आत गेली.

धुरपताने बोल्ट माझ्या तारेला असा आपटून अडकवला, की मी नको तेव्हा वाजले.

त्याच दिवशी पाळकसाहेबांनी सांगितलं, की येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका भाकरीतला तुकडा आणि एका प्याल्यातला घोट घ्यायचा. वासुदेवराव पाळक, म्हणजे आमचे पाद्री, आर्वीहून सायकलने यायचे. शांत माणूस. ते म्हणाले, "भाकरीला हात लावायच्या आधी प्रत्येकाने स्वतःला तपासावं. आपला विश्वास खरा आहे की नुसती सवय आहे, ते आपलं आपण पाहावं." खिडकीतून मी सगळं ऐकलं. धुरपतानेही ऐकलं. पण काही माणसांच्या कानात 'स्वतःला' हा शब्द शिरतच नाही, बाई.

शनिवारी दिवस मावळताना ती आली. माझ्या तारेला अडकवलेला बोल्ट तिने काढून पदरात बांधला.

"उद्या तू चूप राह्यजो," ती मला म्हणाली. "हाक मारली तं कोनीबी येते. बिना हाकेचे कोन येते ते मले पाह्यचं हाय. खरे कोन, खोटे कोन, उद्या समजते."

त्या रविवारचं ऊन चढत गेलं. माझ्या अंगावरून मुंगळे फिरत होते. समोर धुरपता तिच्या ओट्यावर बसली होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले, मांडीवर बोल्ट, मान ताठ. मनात म्हणत असेल, आता पाळक येतील, रिकामं चर्च पाहून घाबरतील आणि माझ्या दारी येतील.

पाळक आले. झाडाकडे पाहिलं, सायकल टेकवली आणि आत गेले.

मग नाल्याकडून कौशल्याबाई आली. लुगड्याचा काठ ओला. तिने दारातला पाचोळा झाडला आणि आत गेली. मागून ताराचंद आला, बायकोला घेऊन. मग आणखी दोन घरची माणसं. वस्तीतले जुने, तीन पिढ्यांचे म्हणवणारे, अर्धे आलेच नाहीत. धुरपता ओट्यावरून एकेकाला मोजत होती. पण कोणी तिच्याकडे विचारायला आलं नाही. दार लोटलं गेलं आणि आतून गाणं सुरू झालं.

मित्रांनो, मला फार चमत्कारिक वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते, की मी वाजल्याशिवाय या घरात देवाचं नाव निघत नाही. आणि हे लोक खुशाल गात होते. बेसूर, पण गात होते!

गाणं ऐकून धुरपता अर्धी उठली. मला वाटलं, आता येते. ये ग, ये, असं मी मनातल्या मनात म्हणत होते, पण बोल्टाशिवाय माझ्या मनातलं ऐकणार कोण? ती पुन्हा खाली बसली. आत भाकरी मोडली गेली, प्याला फिरला, आणि अंगणाच्या अलीकडे मी, पलीकडे ती, दोघी बाहेरच राहिलो.

सभा सुटल्यावर कौशल्याबाई सरळ तिच्या ओट्याकडे गेली.

"मावशी, बरं नाई काय तुमाले? घंटा नाई वाजली, म्हून आमाले घोर लागला. समद्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली."

"मले काय धाड भरली?" धुरपता म्हणाली. "मी तं पाहून राह्यली होती. बिना हाकेचं कोन येते ते."

"मंग?"

"तू आली."

कौशल्याबाई थोडी हसली. मग अगदी साधेपणाने तिने विचारलं, "अन् तुमी काऊन नाई आल्या?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर धुरपताने दहा टोमणे परत केले असते. ती उठून घरात जायला निघाली, आणि मांडीवरचा बोल्ट घरंगळून खाली पडला.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. बोल्ट जागेवर अडकवला आणि बुंध्याशी बसली. तिला रडताना मी प्रेमदासच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

"समद्यांची परीक्षा घेतली म्या," ती म्हणाली, "अन् नापास मीच झाली. इतके वर्सं मी देवाकडे जात होती, का तुह्याकडे? तुले वाजवाले भेटलं नाई, तं पाय उचललाच नाई माह्या."

मी काय सांगणार? लोखंडाला विचारून असल्या गोष्टी कळतात का?

त्यानंतर ती वाजवायला येत राहिली, पण दारात उभं राहून कोणाला बोलणं थांबलं. वस्तीला वाटलं, म्हातारी थकली. प्रभुभोजनाचा रविवार आला की ती बाहेर बुंध्याशी बसून राहायची. पाळकसाहेब बोलवायला आले तर म्हणायची, "माह्या परीक्षेचा निकाल बदलला नाई अजून." ते हसायचे. ती हसायची नाही. आतलं गाणं संपेपर्यंत ती मुठीत पदर धरून बसायची. ती आणि मी एका झाडाखाली होतो, मित्रांनो, पण तिच्याइतकी एकटी मी गवतात पडलेली असतानाही नव्हते.

असा पावसाळा गेला, कापूस वेचून झाला. पुन्हा एका प्रभुभोजनाच्या दिवशी कौशल्याबाई लवकर आली आणि तिच्याजवळ टेकली.

"मावशी, एक इचारू? आतमंधी भाकर मोडतात तवा तुमाले कसं वाटते?"

धुरपताने चर्चच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "भूक लागल्यावानी वाटते."

"मंग पोट भरलं नाई तुमचं बी," कौशल्याबाई म्हणाली. "माह्यं खरं का खोटं, मले बी नाई समजत, मावशी. भूक लागते, म्हून येते मी."

धुरपताने तिच्याकडे पाहिलं. आपलेच शब्द परत आलेले तिने ओळखले. "दलियाचे ख्रिस्ती म्हने मी तुमाले," ती पुटपुटली. "माफ करजो, बाई." मग उठली, बोल्ट काढला आणि कौशल्याबाईच्या हातात ठेवला.

"घे. आज तू वाजव. मी घरी जाऊन बसन, अन् हाक आयकून येईन. चार लोकांसारखी."

ती घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

कौशल्याबाईचा हात नवखा. पहिला टोला निसटला, दुसरा वेडावाकडा लागला. पण तिसऱ्याला मी अशी वाजले, जशी त्या गाडीखालीही कधी थरथरले नव्हते. आजवर मी गावाला बोलावलं होतं, तिला एकटीला कधीच नाही. समोरचं दार उघडलं. धुरपता बाहेर आली, अंगण ओलांडलं, माझ्याखालून गेली. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत गेली आणि मागच्या चटईवर, ताराचंदच्या बायकोशेजारी, भाकरीसाठी दोन्ही हात पुढे करून बसली.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्या मातीच्या दिवशी कौशल्याबाईनेच मला वाजवलं. पुढे चर्चवर बॅटरीचा भोंगा आला. त्यात गाणीही लागतात, मी फक्त ठणठण करणारी! तार चिंचेच्या सालीत रुतली, अंगाला गंज धरला. पोरं येता-जाता दगड मारतात, तेवढाच माझा आवाज.

अशा गोष्टीच्या शेवटी म्हणायचं असतं, की माझी निगा राखा, मला तेल लावा. लावलंत तर नाही म्हणणार नाही. पण मला सांगायचं आहे ते परवाच्या रविवारचं. भोंग्याची बॅटरी उतरली होती. कुठूनच हाक नाही. चिंचेखाली चिटपाखरू नव्हतं. मी नाल्याच्या वाटेकडे बघत राहिले. आणि काठी टेकत, ओल्या काठाचं लुगडं सावरत, कौशल्याबाई आली. माझ्या गंजक्या अंगावर तिने तळहात ठेवला, दारातला पाचोळा झाडला आणि आत गेली.

मित्रांनो, एखाद्या रविवारी तुम्हालाही कोणी हाक मारणार नाही. त्या दिवशी दुसऱ्याच्या वाटेकडे बघत ओट्यावर बसू नका. उठा, आणि आपले पाय कुठे जातात ते पाहा.